सहापैकी पाच

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
कुणाची आठवण नव्हती, सर्व्हरचा निरोप होता:
चौथी डिस्क उत्तर देत नाही.
सहापैकी पाच.

ओझुर्गेतीत धुकं इतकं, की गाडीचे दिवे
ओसाड चहामळ्यांच्या कडेकडेनं चाचपडत आले.
संस्कृती भवनाच्या तळघराचं कुलूप काढण्याआधीच
ऐकू आली ती शिट्टी, दर दोन सेकंदांनी,
लहान पोर एकच तक्रार पुन्हा पुन्हा सांगतं तशी.
शिट्टी बंद केली. तक्रार तशीच राहिली.

पाच हिरवे दिवे, एक पिवळा.
आत चारशे बारा फिती, गुरियातल्या गळ्यांच्या.
मूळ फितींना केव्हाच बुरशी लागली, आता हेच काय ते.
दुसरी प्रत तिबिलिसीला पाठवायची होती,
मार्चपासून.
यादीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: पिक्रिया, लवकर.

सहाही डिस्क एकाच खोक्यातून आल्या,
एकाच आठवड्याच्या. जुळ्या आहेत, छान जमेल, म्हणाला दुकानदार.
जुळ्यांची दुखणीही जोडीनं येतात, ते नाही बोलला.

जादा डिस्क एकच, कपाटात, स्वेटरमध्ये गुंडाळलेली.
चौथी ओढून काढली. कोमट होती अजून.
नवी सरकवली, खटका बसला,
आणि पडद्यावर आकडा उमटला:
पुनर्बांधणी, शून्य टक्के. उरलेला वेळ, एकतीस तास.

एकतीस तास पाच जणींनी न थांबता आठवायचं,
सहावीला काय काय माहीत होतं ते.

नऊ टक्के. दुसरीला सत्तेचाळीस अंश ताप.
शंकास्पद जागा: आठ.
खिडकी उघडली, पंखा वळवला,
बेकरीवाल्या अंझोरकडून जनरेटर मागून आणला.
तो म्हणाला, पाव सहाला भाजतो, त्याआधी परत दे.
मी हो म्हटलं. खोटंच.

बावीस टक्के. शंकास्पद जागा: सोळा.

दुपारी वार्लाम आजोबा आले, मक्याची भाकरी नि चीज घेऊन.
एकसष्टाव्या क्रमांकाच्या फितीत खालचा सूर त्यांचा.
विचारलं, काय करतंय हे यंत्र?
सांगितलं: प्रत्येकीकडे थोडं स्वतःचं असतं,
आणि थोडी इतरांची बेरीज.
एक गेली, तर बाकीच्या वजाबाकी करून तिला परत आणतात.

यात नवीन काय, म्हणाले.
शाल्वा फौजेत होता तेव्हा गेरोंती आणि मी
त्याची जागा मोकळी ठेवून गायचो.
लोकांना तो ऐकू यायचा.
त्याची आईसुद्धा फसली एकदा, दाराकडे बघत राहिली.

आणि दोन गेले तर?
विचारायचं नव्हतं मला. तोंडातून गेलं.
त्यांनी भाकरी मोडली, चुरा तळहातावर गोळा केला.
आता मी एकटाच गातो लग्नाकार्यात.
लोक टाळ्या वाजवतात, म्हणतात, काय सुंदर गाणं!
त्यांना कुठं ठाऊक, हे गाणं नाही,
गाण्याचा एक तृतीयांश आहे.

पडद्यावर तेव्हा एकेचाळीस होते.
दोघंही तिकडेच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शंभर.
सहा हिरवे दिवे. एक ओळ तांबडी:
एक फाइल वाचता आली नाही.
नाव शोधेपर्यंत हात थंड पडले होते.
माइक चाचणी, फीत एकसष्ट, अठरा सेकंद.
गाणं नाही. गाण्याआधीची खोली फक्त,
खुर्ची सरकते, कुणीतरी खोकतं.

फोनवर सांगितलं, काही विशेष गेलं नाही.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, तो खोकला गेरोंतीचा.
चेष्टा करत होते का, अजून कळलेलं नाही.

नोंदवहीत लिहिलं: तारीख, खण चार, अनुक्रमांक,
हरवलेले सेकंद अठरा.
दोन डिस्क मागवल्या, वेगवेगळ्या दुकानांतून.
तिबिलिसीला पहिली प्रत निघाली, चार टक्के.
अंझोरचा जनरेटर अजून इथेच आहे.
दुसरीचा ताप पंचेचाळीस.